आमरीच्या पानातला डीएनए मोजून देणारी सर्व्हिस: पाचपैकी साडेतीन स्टार, आणि दीड का कापला ते वाचा

आधीच सांगून टाकते, लॅबचं नाव लिहिणार नाही. इनबॉक्समध्ये येऊन पण विचारू नका. घाटावरच्या एका शहरात आहे एवढं पुरे. माणसं वाईट नाहीत, काम येतं त्यांना, पण आमरी म्हणजे ऑर्किड हा काय प्रकार आहे ते त्यांना माझ्या पैशांनी कळलं, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

सर्व्हिस अशी की तुम्ही झाडाचं ताजं पान पाठवायचं, ते लोक फ्लो सायटोमीटर नावाच्या मशीनवर पेशीच्या केंद्रकात डीएनए किती आहे ते मोजणार आणि पिकोग्रॅममध्ये (ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक) आकडा देणार. ह्यालाच जीनोम साइझ म्हणतात. सिक्वेन्सिंग नाही हं, डीएनएची अक्षरं वाचत नाहीत, नुसतं वजन करतात. पुस्तक न उघडता तराजूवर ठेवल्यासारखं. सॅम्पलमागे जे पैसे घेतात त्यात म्हापशाच्या बाजारात आमच्या घराचं पंधरा दिवसांचं मासळीचं भागलं असतं, वर जीएसटी, वर कुरिअर. मी गोव्यातल्या वाळपईची, पीएचडी करतेय, विषय सत्तरीतल्या आणि चोर्ल्याच्या बाजूच्या रानटी आमरींचा जीनोम साइझ. आमच्याकडे फ्लो सायटोमीटर नाही म्हणून बाहेर पाठवायचं ठरलं.

फोंड्याकडे मामाचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे, तिथे व्हॅनिलाचा वेल आहे (व्हॅनिला पण आमरीच), मागे व्हॅनिलाचा भाव चढल्याची लाट आली होती तेव्हा लावलेला, लाट गेली, वेल राहिला. त्याचं पान मागायला गेले तर मामा म्हणतो, "काय गो, एका पानाचं वजन करायला एवढे पैसे? सुपारीच्या काट्यावर करून देतो की फुकट." मामाला जे समजावलं तेच इथे लिहिते.

आमरीच्या कुळात जीनोमच्या साइझची जी तफावत आहे ती बाकी फुलझाडांत फार कमी कुळांत सापडते. २००९ मध्ये तोवरची सगळी मापं एकत्र करून एक आढावा आला, त्यात गुणसूत्रांचा एक संच धरून सगळ्यात लहान ०.३३ पिकोग्रॅम, ट्रायकोसेंट्रम मादुरोई नावाच्या आमरीचा, आणि सगळ्यात मोठा ५५.४, पोगोनिया ऑफिओग्लॉसॉइडिसचा. १६८ पट! एक पिकोग्रॅम म्हणजे ९७.८ कोटी अक्षरं धरतात, आणि आपला माणसांचा जीनोम तीन पिकोग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे एकाच कुळात एकाकडे खिशातली डायरी आणि दुसऱ्याकडे कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेची अख्खी कपाटभर दप्तरं. आणि त्या दप्तरांत जास्त माहिती असते असंही नाही, तेच तेच कागद कोणीतरी पुन्हा पुन्हा कॉपी करून ठेवलेत, त्यांना रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणतात, स्वतःची नक्कल काढून जीनोममध्ये दुसरीकडे चिकटवत राहणारे तुकडे. काही वंशांत ही नक्कल जोरात चालली, काहींत झाडाने कचरा साफ केला, आणि काहींत अख्खा गुणसूत्रांचा संचच दुप्पट झाला. आकडा एकच येतो, कारणं तीन असू शकतात.

फॅलेनॉप्सिस माहितीय ना, पणजीत दर दुसऱ्या फ्लॅटच्या बाल्कनीत असते ती, नर्सरीवाले फुलासकट विकतात. त्या एका वंशातल्या रानटी जातींमध्ये दोन्ही संच (एक आईकडचा, एक बापाकडचा) मिळून २.७४ पासून १६.६१ पिकोग्रॅमपर्यंत मापं आलीयत, सहा पट फरक, आणि गुणसूत्रं सगळ्यांची ३८ च! म्हणजे गुणसूत्रं मोजून काही कळणार नाही, वजनच करावं लागतं. मामाला हे ऐकून मजा वाटली, म्हणाला घे दोन पानं.

आता धोक्यातल्या जातींशी ह्याचा काय संबंध. २००३ मध्ये विनोग्रादोव नावाच्या संशोधकाने रेड लिस्टमधल्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीतल्या झाडांचे जीनोम तपासले तेव्हा दिसलं की मोठ्या जीनोमवाल्या जाती धोक्याच्या यादीत जास्त सापडतात. कारणं सरळ आहेत, डीएनए जास्त म्हणजे पेशी मोठी, विभाजन हळू, आणि डीएनए बनवायला नायट्रोजन फॉस्फरस लागतं ते कुठून आणणार. झाडाच्या सालीवर बसलेल्या आमरीला पावसाचं पाणी आणि सालीवर साचलेली धूळपालापाचोळा एवढंच जेवण, तिथे उधळपट्टी परवडत नाही, त्यामुळे झाडावरच्यांचे जीनोम साधारण आटोपशीर असतात. जमिनीवरच्यांची, कंदवाल्यांची गोष्ट वेगळी. त्या कंदात साठा करून ठेवतात, पाऊस पडला की आधीच तयार असलेल्या पेशी पाणी पिऊन फुगतात, विभाजनाची घाई नाही, म्हणून मोठा जीनोम चालून जातो. आणि लेडीज स्लिपर, म्हणजे पॅफिओपेडिलम, त्यांचा तर एकेक संच साडेसोळा ते जवळपास ३६ पिकोग्रॅम. गोव्यात ती नाही. दक्षिण भारतात एकच, पॅफिओपेडिलम ड्रुरी, अगस्त्यमलाईच्या डोंगरात, आणि तिची हालत रेड लिस्टच्या भाषेत क्रिटिकली एंडेंजर्ड, शौकीन लोकांनी उपटून नेली. तिला जीनोमने नाही, पिशव्या घेऊन आलेल्या माणसांनी संपवत आणलं, हे पण लिहायला पाहिजे नाहीतर वाटायचं सगळा दोष डीएनएचा.

आमच्याकडे सत्तरीत तेच चालतं, सीतेची वेणी ही झाडावरची आमरी मे-जूनमध्ये फुलली की आंब्याफणसावरून काढून हायवेच्या कडेला विकायला. आणि पठारावरच्या हबेनारिया, ह्या जमिनीवरच्या कंदवाल्या आमरी, त्यांना कोण उपटत नाही, त्यांचं पठारच जातं, एकदा जेसीबी फिरला की झालं. असो. रिव्ह्यूवर येते.

तर पहिली बॅच जुलैत पाठवली. हा गाढवपणा माझा, त्यांचा नाही. ओल्या टिश्यूत पान गुंडाळून झिपलॉकमध्ये, पेन्सिलने लेबल, थर्माकोलच्या पेटीत आइस पॅक, सगळं बरोबर केलं, पण मध्ये घाटात दरड आली आणि पेटी चौथ्या दिवशी पोचली. सीतेची वेणी, वांडा, ह्या झाडावरच्या आमरींची जाड पानं टिकली, ती आठवडाभर टिकतात. हबेनारियाचं पान म्हणजे आंबाड्याच्या भाजीपेक्षा नाजूक, त्याचं काळं पाणी झालेलं. लॅबवाल्या दादाने फोटो पाठवला व्हॉट्सॅपवर, खाली लिहिलं "ताई, हे काय पाठवलंय?" पैसे मात्र त्या सॅम्पलचे लावले नाहीत, हा मोठेपणा. एक टीप, आइस पॅकला पान चिकटू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा, गोठलं की पेशी फुटतात आणि केंद्रकं त्या चोथ्यात हरवतात.

आणि हो, कुठून तोडता ते सांभाळा. अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी लागते, आमची आहे. नाहीतर खाजगी जागा, मालकाला विचारून, किंवा वाऱ्याने पडलेल्या फांद्या. एका जातीचं एक पान पुरतं, अख्खं रोप उपटायची काहीच गरज नाही, नखाएवढा तुकडा लागतो. परदेशातल्या लॅबला पाठवायचा विचार असेल तर विसरा, सगळ्या आमरी साइट्सच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, वर २००२ चा जैवविविधता कायदा, कागदपत्रं होईपर्यंत पुढचा पावसाळा येईल. म्हणून देशातली सर्व्हिस बरी, हा एक स्टार मी नुसता त्यासाठी देते.

ऑगस्टमध्ये दुसरी बॅच पाठवली आणि ह्यावेळी स्वतः पण गेले, बघायचं होतं कसं करतात ते. दादा चांगला, उभं राहू दिलं बाजूला. बर्फावर पेट्री डिश, त्यात थंडगार बफर (केंद्रकं शाबूत ठेवणारं द्रावण), आमरीच्या पानाचा तुकडा आणि शेजारी वाटाण्याच्या पानाचा तुकडा, दोन्ही एकत्र, आणि दाढीचं कोरं ब्लेड घेऊन चिरायला सुरुवात. कोथिंबीर चिरतो तसं नाही, त्याहून कितीतरी बारीक, केसाएवढ्या रेषा, आणि प्रत्येक सॅम्पलला नवं ब्लेड, कारण बोथट ब्लेड केंद्रकं चिरडतं. वाटाणा कशाला तर तो तराजूतलं वजन. त्याचा डीएनए आधी मोजलेला आहे, चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या लॅबने ठरवलेली स्टँडर्ड वाणं असतात, दोन्ही संच मिळून वाटाण्याचं 'क्तिराद' ९.०९ पिकोग्रॅम, टोमॅटोचं एक वाण १.९६, मका ५.४३, बाकला २६.९०. मग जाळीतून गाळायचं, आरएनए खाणारं एन्झाइम घालायचं, प्रोपिडियम आयोडाइडचा लाल रंग घालायचा आणि मशीनमध्ये. एकेक केंद्रक लेझरसमोरून जातं, जितका डीएनए तितकं चमकतं, स्क्रीनवर दोन टेकड्या उभ्या राहतात, एक वाटाण्याची एक आमरीची, त्यांच्या गुणोत्तरावरून आकडा. झाडाचं पान ब्लेडने चिरून केंद्रकं काढायची ही पद्धत १९८३ पासूनची आहे, चाळीस वर्षं झाली, अजून ब्लेडच.

आमरीचा त्रास काय तर शेवाळासारखा चिकट द्रव. सीतेच्या वेणीचं पान चिरलं की डिशमध्ये भेंडीसारखी तार सुटते, जाळी तुंबते. दादाने तीनदा गाळलं, मग बफर बदलला, पीव्हीपी नावाचं रसायन घातलं, तेव्हा कुठे टेकडी नीट आली. टेकडी नीट म्हणजे अरुंद, तिच्या पसरटपणाला सीव्ही म्हणतात, तीन टक्क्यांच्या आत असेल तर छान, पाचच्या वर गेलं तर परत करायला सांगा, लाजू नका, पैसे दिलेत.

इथपर्यंत पाच स्टार देणार होते. मग रिपोर्ट आला.

एक तर कॉलमचं नाव नुसतं 'जीनोम साइझ'. कसला? एका संचाचा की दोन्ही संचांचा? १सी की २सी? डबल फरक पडतो हो त्याने! फोन केला तर दादा म्हणतो, "ताई, आम्ही सगळ्यांना असंच देतो, कोणी विचारलं नाही आजवर." म्हणजे आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं नाही त्यांच्या थिसिसमध्ये काय छापलं गेलंय देव जाणे.

दुसरं, एका सॅम्पलची टेकडी बरोबर वाटाण्याच्या टेकडीवर जाऊन बसलेली. दोन माणसं एकाच काट्यावर उभी राहिली तर कोणाचं वजन किती कसं सांगणार? तरी रिपोर्टात आकडा होता, दोन दशांशांपर्यंत. स्टँडर्ड बदलून परत करायला पाहिजे हे त्यांनाच दिसायला हवं होतं. ग्राफ मागितला नसता तर मला कधीच कळलं नसतं. ग्राफ आपणहून देत नाहीत, मागावा लागतो, ह्याचाच अर्धा स्टार कापलाय.

पण खरी गंमत मामाच्या व्हॅनिलात. व्हॅनिला मी मुद्दाम घातली होती, तिचे छापील आकडे आहेत, म्हणजे लॅबची परीक्षा. शिवाय ती पण धोक्यातलीच, विश्वास बसणार नाही पण व्हॅनिला प्लॅनिफोलिया मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या मूळ जंगलात एंडेंजर्ड आहे, इथे कुळागरात पोफळीवर चढून बसलीय तो भाग निराळा. तर तिचा आकडा आला छापील आकड्यापेक्षा चांगला एक चतुर्थांशाहून जास्त. मी म्हटलं झालं, चुकले लोक. दादा म्हणतो मशीन चुकत नाही. दोघं पण बरोबर होतो, एक प्रकारे.

काय होतं, झाडाच्या पेशी जुन्या झाल्या की बऱ्याच झाडांत केंद्रक विभाजन न करता नुसता डीएनए दुप्पट करत जातं, दोनाचे चार, चाराचे आठ, त्याला एंडोरेप्लिकेशन म्हणतात. मग टेकड्या दुपटीवर येतात, ओळखायला सोप्या. आमरीत बऱ्याच जणी हे अर्धवट करतात. अख्खा जीनोम नाही, त्याचा एक ठराविक भागच पुन्हा पुन्हा कॉपी होतो, बाकीचा जसाच्या तसा. व्हॅनिलात हा भाग साधारण २८ टक्के. म्हणजे पहिल्या फेरीनंतर १ चे २ नाही होत, १.२८ होतात, दुसऱ्या फेरीनंतर १.८५ च्या आसपास, असं. असा अर्धवट कारभार आमरींशिवाय दुसरीकडे फारसा कुठे माहीतच नाही. आणि जून पानात पहिली, खरी २सी टेकडी इतकी बारकी उरते की कचऱ्यात मिसळून जाते. सॉफ्टवेअरने ती कचरा म्हणून कापली आणि दुसऱ्या टेकडीला पहिली समजून मोजलं. म्हणजे वाढलेली २८ टक्के व्हॅनिला मला विकली. घरचा गवळी तरी पाणी घालतो, इथे डीएनए घातला.

आता विचार करा, व्हॅनिलाचा आकडा माहीत होता म्हणून पकडलं. माझ्या हबेनारियाचं काय? तिचा आकडा कोणालाच माहीत नाही, म्हणून तर मोजतेय! त्या रात्री झोप लागली नाही, आमच्या पीएचडीच्या गाइड मॅडमना साडेअकराला मेसेज केला, त्यांचं उत्तर सकाळी सहाला, "कोवळं काहीतरी पाठव, बोंड पाठव."

तेच केलं. जून पान नाही, कोवळा कोंब, नाहीतर फुलाखालचं कोवळं अंडाशय, तिथे पेशी अजून विभाजन करत असतात, खरी टेकडी ठसठशीत दिसते. फुलातले परागपुंज पण चालतात, त्यांत एकच संच असतो, म्हणजे वरून ताळा पण होतो. व्हॅनिलाचा कोवळा डोळा दिला, आकडा छापील आकड्याच्या जवळ येऊन बसला. दादाने स्वतः फोन केला, "ताई, तुमचं खरं होतं," आणि तिसऱ्या फेरीचे पैसे अर्धे घेतले, मशीनच्या कच्च्या फाइल्स पण दिल्या, आता मी इथे बसून माझी टेकडी मी निवडते. बरेच लोक कच्च्या फाइल्स देत नाहीत, हा स्टार त्यांनी कमावला. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजायला पण तयार झाले, न कुरकुरता. रिपोर्टात आता २सी लिहितात असं ऐकलं, बघू.

माझ्या जातींचे आकडे इथे देत नाही, पेपर व्हायचाय, मॅडम ओरडतील.

कोणी विचारेल एवढा जीव का खायचा पंचवीस-तीस टक्क्यांसाठी. दोन कारणं. एक पैशाचं, पुढे सिक्वेन्सिंग करायचं तर जीनोम जेवढा मोठा तेवढं बिल, एक गिगाबेस (शंभर कोटी अक्षरं) आणि तीस गिगाबेस ह्यांत एक प्रोजेक्ट पास होतो आणि एक होत नाही. २०१५ मध्ये आमरींतला पहिला जीनोम वाचला गेला तो फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिसचा, लेडीज स्लिपरचा नाही, त्यामागे साइझचा हात असावा असं मला वाटतं. दुसरं महत्त्वाचं, रोपं परत रानात लावणारे. टिश्यू कल्चरमध्ये कधी कधी नकळत दुप्पट संचाची रोपं तयार होतात, दिसायला धष्टपुष्ट, फूल मोठं, नर्सरीवाला खूश. रानात पण काही जातींत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात, युरोपातली जिम्नाडेनिया कोनॉप्सिआ त्याचं नेहमीचं उदाहरण, एकाच कुरणात दोन संचवाल्या आणि चार संचवाल्या. ह्या दोघींचा संकर झाला तर तीन संचवाली पोरं होतात आणि ती बहुतेक वांझ. म्हणजे उरलेल्या दहा-बारा रोपांच्या वस्तीत तुम्ही प्रेमाने चुकीची रोपं लावलीत तर तिचं बी फुकट घालवायला मदत केलीत. आमच्या सत्तरीत कोणी 'आमरी लावा' मोहीम काढली तर आधी एक पान चिरून बघा, एवढी ओळख तपासायला तर रिपोर्टातले दोन दशांश पण लागत नाहीत.

पैसे नसतील तर एक घरगुती उपाय, मोजमाप नाही पण अंदाज येतो. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळलं की सेलोटेपने अलगद उचला, काचेवर चिकटवा, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. पर्णरंध्रांच्या कडेच्या पेशी जीनोम मोठा तशा मोठ्या असतात. शेजारच्या दहावीतल्या मुलीला दाखवलं, तिने माझी नेलपॉलिशची बाटली संपवली, घरातली सगळी झाडं तपासून झाली.

शेवटी कोणाला घ्यावी ही सर्व्हिस? आमरी सोडून काहीही असेल, भात, मिरची, काजू, डोळे झाकून पाठवा. आमरी असेल तर कोवळा भाग, जवळचं पण अंगावर न येणारं स्टँडर्ड लेखी सांगा, ग्राफ आणि कच्ची फाइल ऑर्डर देतानाच मागा, आणि सोबत एखादी आकडा माहीत असलेली आमरी लपवून घाला. कुरिअरचं नाव घेत नाही, पण पावसात मी परत त्याच्या भरवशावर बसणार नाही. पुढच्या जूनला सीतेची वेणी फुलली की बोंडं घेऊन मीच जाणार, रात्रीच्या बसने, थर्माकोलची पेटी मांडीवर. मामा म्हणतो तो पण येतो, त्याला टेकड्या बघायच्यात.